पहिली फेरी

ता. ९ मार्च

धाकट्या,

तुला, तुझ्या बायकोला आणि लेकरांना खूप खूप आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं आता वयच झालं. नळाला पाणी पहाटे येतं, त्यामुळे उठण्याचा आळस करता येत नाही.

तुझं पत्र मिळालं. दरीवर पूल होतोय, त्याला आजोबांचं नाव द्यायचंय, आणि दगडावर कोरायला त्यांच्या आयुष्याचं एक पान मी लिहायचं. का, तर "ताई, तुझ्याइतकं त्यांना कुणी पाहिलं नाही." खरं आहे. उत्तर आलं नाही म्हणून तू दोनदा फोन केलास आणि मी दोन्ही वेळा दूध उतू जातंय म्हणून ठेवून दिला. एवढं दूध या घरात येतच नाही रे.

तर लिहिते. आजोबा दोरवाले होते, त्यांचे वडीलही दोरवालेच. या कड्यापासून त्या कड्यापर्यंत तारेचा दोर, दोरावर कप्पी, कप्पीखाली लाकडी पाळणा. मीठ, बियाणं, आजारी माणूस, नवी नवरी, वरच्या गावाचं सगळं त्या पाळण्यातून यायचं-जायचं. आजोबांच्या तळहाताची कातडी अशी जाड की चुलीतला निखारा हाताने बाजूला सारायचे. आई कामात असली की माझी वेणी तेच घालायचे. केस त्या हातात अडकायचे, मी ओरडायचे, आणि ते म्हणायचे, "गप गं, दोर ओरडतो का कधी?"

दोरवाल्याला एक नियम होता. रोज सकाळी पहिली फेरी त्याने एकट्याने मारायची, पलीकडे जाऊन परत. मग वंगणवाला कप्पीची खीळ काढून वंगण भरायचा, खीळ पुन्हा ठोकायचा, आणि त्यानंतर लोक. आपलं घर कड्याला लागून. मी रोज दारात उभी राहून ती फेरी बघायचे.

इथपर्यंत खुशाल कोरून घे.

तू मसुद्यात लिहिलंयस, "वंगणवाल्याच्या हलगर्जीपणामुळे पाळणा कोसळला आणि दोरवाल्यांची स्वतःची मुलगी त्यात गेली." त्या नालायकाच्या सात पिढ्यांना लाज वाटली पाहिजे, असंही खाली लिहिलंयस. तुझा राग मला कळतो. दीड वर्षाचा होतास, आई तुला आठवतही नाही. आणि तो राग तुला मीच भरवलाय, घासाघासाने.

त्या दिवशी पहिली फेरी झालीच नव्हती.

तू तापाने फणफणला होतास, झटके येत होते. दवाखाना पलीकडे, तिथून पुढे तासभर चालायचं, आणि आजोबांची मुंगीची चाल तुला ठाऊक आहे. म्हणजे तुला माझ्यापाशी ठेवून औषध आणायला आईलाच जायला हवं होतं. दोरावर बर्फ धरलं होतं. आजोबा फेरीसाठी पाळण्यात चढायला लागले तर आईने त्यांचा हात धरला. "बाबा, तुम्ही जाऊन येईपर्यंत अर्धा तास मोडेल. मलाच सोडा."

"नियम आहे, पोरी."

"नियम घेऊन बसा तुम्ही. पोर हातचं जाईल माझं."

त्यांनी तिला सोडलं. पाळणा अर्ध्यावर पोचला आणि खीळ तुटली. गारठ्याने तडकली असणार. वंगणवाला तर तेव्हा घरातून निघालाही नव्हता.

तुझा ताप दुपारी आपोआप उतरला. आता हे डोक्यात घेऊन बसू नकोस, दीड वर्षाचं पोर मुद्दाम ताप आणत नसतं. तुला हे कळू नये म्हणून मी एकसष्ट वर्षं गप्प बसले, असं मी स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं आहे.

संध्याकाळी गावातली पाच वडीलधारी माणसं आपल्या ओट्यावर बसली. फेरी झाली असेल तर दोष वंगणवाल्याचा, कारण त्यानंतर खिळीला हात लावणारा तोच. झाली नसेल तर दोष आजोबांचा. वंगणवाला गळा काढून सांगत होता, "मी आलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं हो, मी खिळीला हातसुद्धा लावला नाही." पण पहिली फेरी चुकल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. आजोबांना विचारलं, ते काहीच बोलेनात. मग सगळ्यांत म्हाताऱ्याने मला पुढे घेतलं. "पोरी, तू रोज बघतेस. आज आजोबा जाऊन आले होते?"

मी नऊ वर्षांची होते, पण खुळी नव्हते. बाप आधीच गेलेला, आई आज गेली. आजोबांना गावाने हाकललं तर तुला कडेवर घेऊन मी कुठे जाणार होते? मी "हो" म्हणाले. "मी बघितलं" हेही वर घातलं, कुणी न विचारता.

आजोबा माझ्याकडे बघत होते. त्यांनी मला खोटं पाडलं नाही.

वंगणवाल्याला बायको आणि मुलीसकट दुसऱ्याच दिवशी गाव सोडावं लागलं. पाळणा नव्हता, म्हणून वरच्या खिंडीतून, बर्फातून, पायी. त्याच्या पायाची बोटं काळी पडून गेली. पुढे काम मिळेना, आणि काही वर्षांत तोही गेला.

आजोबा नंतर एकोणीस वर्षं जगले. नव्या दोराला त्यांनी हात लावला नाही. रस्त्यावर खडी फोडली, आपल्याला वाढवलं, तुला शिकवलं. माझी वेणी मात्र पुन्हा कधी घातली नाही. शेवटच्या आठवड्यात एवढंच म्हणाले, "तू लहान होतीस. मी नव्हतो." मी त्यांची चादर बदलत होते, ती बदलत राहिले.

आता जे सांगायचं टाळत होते ते सांगते. माझ्या खोलीखाली शिवणकामाचं दुकान आहे. तिथल्या बाईकडे मी अकरा वर्षं कपडे देते. ती त्या वंगणवाल्याची मुलगी. पहिल्याच वर्षी बोलता बोलता मला कळलं, आणि तेव्हापासून मी न उसवलेलं सुद्धा शिवायला नेत आले. काल दुपारी गेले आणि तिला सगळं सांगितलं. तुझ्याआधी तिला सांगणं भाग होतं.

तिने मशीन थांबवलं. वाटलं, कात्री फेकून मारेल. मारली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "आई मरेपर्यंत बाबांना बोलत होती. एक खीळ धड ठोकता आली नाही, म्हणायची. बाबा आधी भांडायचे तिच्याशी. मग शेवटी शेवटी तेच म्हणायला लागले, असेल बाई, विसरलो असेन मी."

धाकट्या, तो माणूस स्वतःला दोषी समजून मेला.

आजोबांवर माझी माया आहे, आजही आहे. पण त्यांचं नाव त्या पुलाला देऊ नकोस. दगडावर वंगणवाल्याचं नाव घाल, आणि त्याने काही केलं नव्हतं एवढं एक वाक्य. पुलाच्या कार्यक्रमाला मी येतेय. ती बाईही येणार आहे. मी बोलावलं नाही, तीच म्हणाली, "मला ती जागा बघायची आहे." तू हे वाचून दाखवणार नसशील तर मी वाचेन, सगळ्या गावासमोर, तिला शेजारी उभी करून.

यापुढे मला ताई म्हणायचं की नाही, ते तू ठरव. तोवर,

तुझी ताई