दुसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही

बिस्मार्क, ४ डिसेंबर

प्रिय बोर्गहिल्ड मावशी,

थोराचा कुडकुडता नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? नेल्स काकांचा खोकला गेला, की अजून रविवारी प्रवचनाला साथ देतोय? मी मजेत आहे. (कॉफी सोडून. इथली कॉफी इतकी कडक की कपाचा तळ दिसत नाही. अशी कॉफी माणूस दिवसाकाठी आठ कप कशी पिणार?)

घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही मला इथे राजधानीत पाठवलंत, तेव्हा वाटलं होतं, आपल्या गावच्या सेनेटर ब्रेकेंच्या हाताखाली राहून मी राज्य सुधारीन. अजून त्यांचं टेबलसुद्धा आवरून झालेलं नाही. पण परवा जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

परवा पक्षाच्या बैठकीत राज्याच्या सेनेटमधला नेता निवडायचा होता. चोवीस वर्षं आर्विद ब्रेके या एका खुर्चीकडे बघत आलेत, हे आपल्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. ते नेते झाले असते तर दूरच्या शेतांवरच्या मुलांसाठी शाळेची बस हा आमचा कायदा सगळ्यांत आधी आला असता. मी तर त्यांच्या आभाराचं भाषणही लिहून ठेवलं होतं. बैठकीत फार्गो शहराचे सेनेटर, वकील व्हिटकॉम्ब उठले आणि म्हणाले, "आर्विद, तुम्हीच व्हा." सेनेटर लाजले, बुटांकडे बघत म्हणाले, "छे छे, मी कसला नेता! प्रेंटिस आहेत की." (प्रेंटिस बैठकीत झोपतात. म्हणून तर सेनेटरांनी त्यांचं नाव घेतलं. तिथे धोका नव्हता.) मग ते आरामात मागे रेलून दुसऱ्या आग्रहाची वाट बघत बसले. आणि व्हिटकॉम्ब म्हणाले, "बरं, मग प्रेंटिस." प्रेंटिस जागे झाले आणि पहिल्याच विचारण्याला "हो" म्हणाले! मावशी, पहिल्याच! पाहुण्याने दारातच, अंगातला कोटही न काढता कॉफीला हो म्हणावं तसं!

तू म्हणशील, यात नवल काय, आर्विदचं आयुष्यच असं. खरंच आहे. धान्यकोठाराच्या सभेत लोकांनी त्यांना निवडणुकीला उभं राहा म्हटलं, तेव्हा दोनदा "नको" झालं, तिसऱ्यांदा विचारल्यावर ते तयार झाले. आल्माकाकूंनी लग्नाला दोनदा नकार दिला, आणि हे तिसऱ्यांदा विचारायला गेले तेव्हा काकूंचा लग्नाचा पोशाख आधीच शिवून तयार होता. आपल्याकडे सगळं असंच चालतं, आणि छान चालतं. फार्गोच्या लोकांना हे कुणी शिकवलेलंच नाही.

बैठक संपल्यावर मी तावातावाने म्हटलं, "सेनेटर, आत्ता जाऊन सांगा, मला हवं होतं म्हणून!" मी त्यांना विजारीशिवाय चर्चमध्ये जायला सांगितल्यासारखे ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अगं पोरी, मागून घेतलेली कॉफी कधी गोड लागते का?" बोलता बोलता ते खिडकीकडे वळले. "आपल्या चर्चच्या तळघरात बैठक असती ना," ते हळूच म्हणाले, "तर बोर्गहिल्डनेच व्हिटकॉम्बला चिमटा काढून पुन्हा विचारायला लावलं असतं." मला हसू आलं आणि लगेच रडूही. त्यांना इथे येऊन चोवीस वर्षं झाली, तरी त्यांच्या मनातलं तळघर गेलं नाही. मला तर चारच महिने झालेत.

काळजी करू नकोस. बसचा कायदा मी प्रेंटिससाहेबांना ते जागे असताना वाचून दाखवणार आहे.

तुझी,
थोरा

ता. क. बटाट्याच्या पातळ लेफ्से पोळ्या पाठवायच्या भानगडीत पडू नकोस. टपालात तुकडे होतात, आणि मला काही तशी आठवण येत नाही.

ता. क. पुन्हा. ऑक्टोबरात तू लिहिलंस, "नाताळला घरी ये." मी उत्तर दिलं, "नको गं, माझ्यासाठी उगाच त्रास." त्यावर तुझं नुसतं "बरं" आलं. मावशी, "बरं" काय? तू काय फार्गोची आहेस? पुन्हा एकदा विचार ना. मी आणखी एकदा "नको" म्हणेन, तिकडे लक्ष देऊ नकोस. बावीस तारखेच्या बसचं तिकीट मी काढून ठेवलंय.