कुंपण आता गुडघ्याइतकं आहे

ती. सौ. वहिनींना,

धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? दादाचा खोकला गेला का? घर माझ्यावर सोपवून गेला आहात, तेव्हा इकडची काळजी करू नका. घर जागेवर आहे, बागही जागेवर आहे. पानगळ सुरू होताना तुम्ही फोनवर सांगितलेली सगळी कामं उरकली आहेत. (तुमचा आवाज मधे मधे तुटत होता. जे ऐकू आलं नाही ते मी मनानंच केलं.)

सुरुवात कुंपणापासून केली. तुम्ही नुसती टोकं छाटायला सांगितली होती. मला वाटलं, जो माणूस उभा जन्म लोकांचे केस कापत आलाय त्याला झुडपं कापायला काय लागतं? पण गिऱ्हाईक आरशात बघत असतं, वेळेवर बास म्हणतं. कुंपण बिचारं काही बोलत नाही. डावीकडून थोडं उतरवलं तर उजवी बाजू उंच दिसायला लागली, उजवी खाली आणली तर मधे फुगवटा, आणि फुगवटा काढेपर्यंत डावी बाजू पुन्हा वर. संध्याकाळी चार पावलं मागे सरून पाहिलं, तर तुमचं डोक्यावर गेलेलं कुंपण माझ्या गुडघ्याशी आलं होतं आणि पलीकडे शिवणबाई कपडे वाळत घालत होत्या. (हो, त्याच. आपल्याकडे पसरलेल्या त्यांच्या वेलीवरून तुमचं ज्यांच्याशी बोलणं बंद झालंय त्या. कुंपण एवढं उंच कशासाठी वाढवलं होतं, ते माझ्या डोक्यात तेव्हा आलं.)

आता आपली बिनपाण्यानं होणार, असं धरून मी कात्री पाठीमागे लपवून उभा राहिलो. त्यांनी आधी कुंपणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुमचं बरं आहे, कापलेलं परत वाढतं," त्या म्हणाल्या. "आमचं कापड वाढत नाही, म्हणून आम्ही आधी माप घेतो."

एवढं बोलून त्या आत गेल्या. दुसऱ्या दिवशी मी गुलाबाला हात लावणार तोच त्या टेप घेऊन कुंपणापाशी हजर. तेव्हापासून तुमच्या बागेत काहीही मापल्याशिवाय कापलं गेलेलं नाही.

खताचंही सांगतो. वाळलेल्या पानांचा ढीग मागच्या भिंतीशी लावला आहे. दुकानातले केसही मी रोज पिशवीतून आणून त्यातच मिसळतो, कारण ते कुजून चांगलं खत होतं असं कुठंतरी वाचलं होतं. पोस्टमननं ढिगातून डोकावणारे केस पाहिले आणि त्या दिवसापासून तो पत्रं फाटकावरच अडकवून जातो. शिवणबाईंनी मात्र शांतपणे एवढंच विचारलं की यात रंगवलेले केस किती. ते आता वेगळे काढतो.

शेवटी तुमचे फुलांचे कंद लावले. त्यांची वरची बाजू कोणती हे काही केल्या कळेना. प्रत्येक कंद हातात फिरवत बसलो होतो. शेवटी बाई म्हणाल्या, आडवे ठेवा, त्यांचं ते बघतील. तसे ठेवले. त्या कुंपण ओलांडून आल्या होत्या. (गुडघ्याइतकंच तर आहे.)

वहिनी, तुम्हाला हसू येईल, पण मला या सगळ्याची गोडी लागली आहे. चहाच्या आधी मी बागेत असतो. दुकानात बोलायला दुसरा विषय नसतो. परवा एका गिऱ्हाइकाला छाटणी समजावून सांगण्याच्या नादात त्याचंही तुमच्या कुंपणासारखं झालं. तो घरी जाऊन टोपी घालून परत आला आणि बायकोनं गुलाबाबद्दल विचारलंय म्हणाला.

दादाला नमस्कार. कंबर जपा, वजन उचलू नका.

तुमचा,
धाकटा दीर

ता. क. थंडी सरता सरता तुम्ही परत येणार हे लक्षात आहे. घर झाडून ठेवीन. फक्त कंद त्यानंतर काही दिवसांनी वर येतील असं कळलं. तोवर मागच्या खोलीत राहिलो तर चालेल का? तुमच्या पायात येणार नाही. कंद उगवलेले मला बघायचे आहेत.

ता. क. दुसरा. कुंपण पुन्हा वाढवायचं की कसं, ते तुम्ही ठरवा. पण ठरवायच्या आधी एकदा शिवणबाईंशी बोलून घ्या. त्यांनी तुमच्या कंबरेची चौकशी केली आहे, आणि ‘वेल मीच आधी आवरायला हवी होती’ असंही त्या म्हणाल्या.

ता. क. तिसरा. मागच्या खोलीत राहण्याचा आणि शिवणबाईंचा काडीचाही संबंध नाही. (हे वाक्य त्यांनीच घालायला सांगितलं. मी नको म्हणत होतो.)