साक्षीसाठी रॉड निवडताना

सांगली,
नोव्हेंबरातला दुसरा रविवार

प्रिय मिलिंद,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. "जयभीम गड्या. साक्षी रत्नागिरीत रुळली आता. तिच्या हापिसातली माणसं होडी करून खोल पाण्यात, खडकावर मासं धराय निघाल्यात. ती पण जाती म्हणती. तिला रॉड कुठला, रीळ कुठलं, तेवढं सांग. त्यातलं तुलाच कळतंय." उत्तर फोनवर देता आलं असतं. पण हे सगळं तोंडानं सांगणं मला जमणार नाही, म्हणून कागद घेतला. आधी तू विचारलंस ते सांगतो.

रॉड साडेसहा फुटांपेक्षा लांब नको. कृष्णेच्या काठावर आपल्याला लांब काठी लागायची, कारण गळ लांब फेकायचा असे. होडीत फेकायचं काही नसतं, गळ सरळ पायाखाली तीस-चाळीस मीटर सोडायचा. तिथं लांब रॉड उलट माणसालाच वाकवतो. शेंडा थोडा लवचीक असावा, म्हणजे मासा गळाला लागलेला हाताला कळतो. खालचा भाग मात्र ताठ हवा. रीळ सहा हजार नंबरचं, दांड्याच्या खाली बसणारं साधं घ्यावं. दांड्याच्या वर बसणारी रिळं ताकदीची असतात, पण गुंडाळताना दोरी अंगठ्यानं सारखी लावत बसावं लागतं आणि नवख्या माणसाचा गुंता होतो. दोरी विणलेली, चाळीस पौंडांची. तिच्या टोकाला दीडएक मीटर जाड नायलॉन बांधायचं, कारण विणलेली दोरी खडकाला घासली की सुतासारखी तुटते. राहिला ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक. मासा पळाला की दोरी तुटायच्या आधी रिळानं ती थोडी सोडावी, यासाठी तो असतो. तो अंदाजानं आवळायचा नाही. दोरीचं टोक वजनकाट्याला बांधून ओढायचं आणि काटा साडेचार किलोवर आला की दोरी सुटली पाहिजे. तांबोशी काय, हेकरू काय, खडकातले हे मासे गळ घेतला की कपारीत शिरायला बघतात, म्हणून लोक ब्रेक गच्च आवळतात. आवळू नये. मासा गेला तर जाऊ द्यावा. एवढं वाक्य लेकीला माझं नाव घेऊन सांग.

हे मला आज ठाऊक आहे. नऊ वर्षांपूर्वी, आपल्या दोघांचं सामान मी निवडलं तेव्हा, यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

उंब्रजला तारळी कृष्णेला मिळते त्या कोपऱ्यावर आपण आठवीत असल्यापासून बसत होतो. मासे तू धरायचास आणि बोलायचो मी. मरळ कुठं असेल, पाणी गढूळ झालं की वाम का वर येते, हे मी वहीतल्यासारखं सांगायचो, आणि तेवढ्यात तुझी काठी वाकलेली असायची. तू कधी हसला नाहीस मला. पुढं मी सांगलीला भूगोल शिकवायला लागलो, तू हायवेच्या कडेला मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकलंस. जळालेली मोटर घेऊन मेढ्यापासून माणसं तुझ्याकडं यायची, कारण तुझी कॉइल पुन्हा जळत नाही असा तुझा लौकिक होता. मी पंचवीस वर्षं फळ्यावर समुद्राचा तळ काढत राहिलो, आणि तरी होडीत पाऊल ठेवलं नव्हतं. दर दिवाळीला आपण ठरवायचो, एकदा खोल पाण्यात जायचं. ठरवून ठरवून पन्नाशी आली तेव्हा निघालो.

रत्नागिरीच्या त्या दुकानातला म्हातारा आठवतो का तुला? त्यानं विचारलं, कुठल्या खडकावर जाणार, पाणी किती, होडी कुणाची. मी त्याला मध्येच थांबवलं. आम्हाला शिकवू नका, आम्ही जन्मापासून मासे धरतोय, असं म्हणालो. त्यानं मध्यम रॉड पुढं केला, मी जाडजूड मागितला. त्यानं दोरी चाळीस पौंडांची सांगितली, मी ऐंशीची घेतली. मासा दोरी तोडूच शकणार नाही, असं माझं गणित होतं. तोडता येत नाही अशी दोरी माणसाच्या हातात असली तर काय होईल, हे गणितात नव्हतं. तू बाजूला उभा होतास. "नाथा म्हणंल ते द्या. मला समुद्रातलं काय कळतंय," एवढंच म्हणालास. उंब्रजला परतल्यावर दोन्ही रिळांवर दोरी तूच भरलीस, दुकानात बसून, तांब्याची तार भरावी तशी, एकसारख्या ताणानं, एकही वेढा दुसऱ्यावर न चढवता. मी शेजारी चहा पीत तुला हेकरूच्या सवयी सांगत होतो. त्या आदल्याच संध्याकाळी मी कुठंतरी वाचल्या होत्या.

होडीतल्या त्या सकाळचं तुला काय सांगायचं. पण मी ते कधी बोललोच नाही, म्हणून लिहितो. नऊच्या सुमारास तुझा रॉड वाकला. तू म्हणालास, "जरा सैल सोडू का?" मी म्हणालो, अजिबात नको, आवळ. तू आवळलास. मासा कपारीत शिरला आणि दोरी दगडासारखी थांबली. होडीच्या तांडेलानं मागून ओरडून सांगितलं, सोडा, थोडा वेळ सैल सोडा, आपणहून बाहेर येईल. मी त्याच्याकडं न बघता तुला म्हणालो, दोरी हाताला गुंडाळ आणि ओढ, रिळाच्यानं निघणार नाही. तू दोन वेढे घेतलेस. माझ्या सांगण्यावरून घेतलेस. त्याच वेळी खालून लाट आली आणि होडी वर उचलली गेली. ऐंशी पौंडांची दोरी तुटली नाही. तांडेलानं सुरी घालून ती कापली तोवर जे व्हायचं ते झालं होतं. तू ओरडलाही नाहीस. टॉवेल लाल होताना मी बघत होतो आणि तू म्हणत होतास, "नाथा, तू बस खाली, तुला चक्कर यील."

मिरजेच्या डॉक्टरांनी दोरीनं हाडापर्यंत कापलेली दोन्ही बोटं वाचवली, पण ती वळेनात. सहा महिने तू रबरी चेंडू दाबत राहिलास. मी दर रविवारी यायचो, तेव्हा तू टेबलावर तांब्याची तार घेऊन बसलेला असायचास. तार बोटांतून निसटायची, तू ती पुन्हा उचलायचास. मग एका रविवारी टेबल मोकळं होतं आणि भिंतीवर नव्या पंपांची जाहिरात लागली होती. आता तू दुसऱ्यांनी बनवलेल्या मोटरी विकतोस. मेढ्याची माणसं अजून येतात, पण बसायला, गप्पा मारायला. त्यातला कुणी जुनी मोटर घेऊन आला की तू त्याला कराडच्या दुसऱ्या कारागिराचा पत्ता देतोस. तो पत्ता देताना तुझा आवाज कसा होतो, ते मी ऐकलंय.

त्यानंतर मी त्या म्हाताऱ्याच्या दुकानात पुन्हा गेलो. तीन हिवाळे जात राहिलो. वर लिहिलेलं सगळं त्यानंच शिकवलं. तुझ्या हाताचं त्याला सांगितलं तेव्हा त्यानं हातातलं रीळ खाली ठेवलं. मग म्हणाला, "त्या दिवशी तुमच्या मित्राला विकायला हवं होतं सामान. तुम्हाला नको." माझ्याशी याबद्दल एवढं खरं दुसरं कुणीच बोललेलं नाही. तू तर नाहीच.

आता जे लिहायला बसलोय ते लिहितो. मिरजेला, ऑपरेशन चालू असताना, वहिनींनी मला विचारलं, "भावजी, हातात काय घातलं न्हवतं का वो ह्यांनी?" आणि मी म्हणालो, हातमोजे दिले होते वहिनी, मी दहादा सांगितलं, यानं काढून ठेवले. मिलिंद, हातमोजे नव्हतेच. म्हाताऱ्यानं दोन जोड काउंटरवर ठेवले होते आणि ते मी परत केले, नदीत वाढलेल्या हातांना काय करायचेत म्हणून. तू शेजारी उभा राहून बघत होतास. मी सर, मी शिकवणारा, माझं बोलणं सगळ्यांनी खरं धरलं. वहिनी वर्षभर तुझ्याशी धड बोलल्या नाहीत, हट्टानं हात घालवला म्हणून गावानं तुला नावं ठेवली, आणि माझं ताट मात्र त्या दर रविवारी आग्रहानं वाढत राहिल्या. तू एकदाही म्हणाला नाहीस की हे खोटं आहे. मी वाट बघत होतो, तू म्हणशील म्हणून. नंतर तू म्हणत नाहीस याची सवय झाली.

गेल्या आठवड्यात साक्षीचा फोन आला. रॉडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "काका, हातमोजे मी आधीच घेतलेत. बाबा सांगत होते, काकानं दिलेले मी काढले म्हणून असं झालं, तू काढू नकोस." नऊ वर्षांनी, स्वतःच्या लेकीलासुद्धा, तू माझं खोटं तुझ्या तोंडानं सांगितलंस. मी फोनवर फक्त बरं म्हणालो. त्या 'बरं'नंतर मला घरात बसवेना. तू हे पत्र वाचशील, घडी घालून दुकानाच्या ड्रॉवरमध्ये टाकशील आणि कुणाला कळू देणार नाहीस, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून इथवरच्या मजकुराच्या आणखी दोन प्रती हातानं लिहून काढल्या. एक वहिनींच्या नावानं, त्या काम करतात त्या अंगणवाडीच्या पत्त्यावर गेली, एक साक्षीला रत्नागिरीला. त्या दोन्ही परवाच टाकल्या, ही आज टाकतोय. तू हे वाचत असशील तेव्हा वहिनींनी ते वाचलेलं असेल. त्यांनी काही विचारलं तर या खेपेला माझी बाजू घेऊ नकोस.

तुझाच,
नाथाजी