धनुर्वाताच्या खोलीतून

प्रिय धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तुझे भावोजी कालच्यापेक्षा वाईट नाहीत, हे आधी आईला सांग. तिचे गुडघे कसे आहेत?

फोन करू नकोस. नर्सने तो काढून घेतला आहे. धनुर्वाताच्या खोलीत अंधार ठेवतात आणि जरा खुट्ट झाले तरी रोग्याला झटका येतो. ते पूर्ण शुद्धीवर आहेत, फक्त जबडा उघडत नाही. मी नऊ दिवस तोंड मिटून बसले आहे. हस, तुला हसूच येईल.

बागेत टाचेत खिळा घुसला, तेव्हा ते इंजेक्शन घ्यायला निघाले होते. "एवढ्याशा खिळ्याला कसला दवाखाना?" म्हणत मीच जखम धुऊन घट्ट बांधली. मातीतले बीजाणू वर्षानुवर्षे निपचित पडून असतात आणि हवा नसली की जागे होतात, हे मी कॉलेजात पाठ केले होते. ते मात्र आईला सांगू नकोस.

माफी मागायला तोंड उघडले, तर माझ्याच आवाजाने त्यांना झटका येईल. लिहून दाखवावे, तर अंधारात त्यांना वाचता येत नाही. म्हणून दाराच्या फटीतल्या उजेडात तुला लिहिले.

येशील तेव्हा बांगड्या घरी काढून ठेव.

तुझी,
ताई