गोदामाची उत्तरेची भिंत

अकोला, २२ जून १९५८

तीर्थरूप बाबांस, तारेचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

आपले सरकी काढायचे जीन बंद पडल्यापासून कुलपात असलेले कापसाचे गोदाम तुम्ही माझ्या चित्रशाळेला दिलेत, तेव्हापासून माझ्या अंगावर मूठभर मांस चढले आहे. शाळा सुटली की बारा-पंधरा मुली थेट इकडेच येतात. नासिर मिस्त्रींनी ओल्या गिलाव्यात त्यांच्याकडून कडुनिंबाची, पळसाची पाने दाबून घेतली. ठसे इतके सुरेख उमटलेत की भिंतीवरचा हात काढवत नाही.

पण आत अंधार आहे. भरदुपारी मुलींना निळा कुठला, हिरवा कुठला ते कळत नाही. चित्राला उत्तरेचा शांत उजेड लागतो. म्हणून एकच मागणे: उत्तरेच्या भिंतीत मोठी खिडकी पाडू द्या. त्याशिवाय ही चित्रशाळा चालायची नाही, बाबा.

दादा-वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो असाच राहू द्यावा.

तारा

अमरावती, २९ जून १९५८

चि. तारा हीस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पानांचे वाचून आनंद झाला. खिडकीचे मात्र नाव काढू नकोस. तिथे पूर्वी खिडकी होतीच. तू पाळण्यात होतीस. बाहेरून एक ठिणगी आली आणि अर्धे गोदाम जळाले. कापूस ओढून काढताना आपल्या नत्थुजी पहारेकऱ्याचे दोन्ही हात भाजले. ती खिडकी मी समोर उभा राहून बुजवून घेतली. पुढे अठ्ठावीस वर्षे आत कंदील जाऊ दिला नाही. नत्थुजी फाटकावर सगळ्यांच्या आगपेट्या काढून घ्यायचा, माझीसुद्धा.

आता आत कापूस नाही, हे मला कळते. मनाला कोण समजावणार? तुझा दादा हरिहर म्हणतो की बाबांचा हट्ट म्हणजे वऱ्हाडातले ऊन, दिवस मावळला तरी उतरत नाही. त्याची वकिली त्याने कोर्टात करावी.

प्रकृतीस जप.

मोरोपंत

अकोला, १८ जुलै १९५८

तीर्थरूप बाबांस, तारेचा नमस्कार. वि. वि.

तुमचा शब्द मोडणार नाही. मिस्त्रींना थांबवले आहे. खूप रडले, हेही लपवत नाही.

एक नवल मात्र कळवते. गिलाव्याचे पाणी फरशीच्या फटींत मुरले आणि तिथे अडकलेली सरकी उगवली! बुजवलेल्या खिडकीच्या जागी बोटभर चीर पडली आहे, सगळी रोपे तिकडेच माना वाकवून उभी आहेत. नत्थुजी त्यांना रोज पाणी घालतात. ते म्हणाले की बाई, मालकाले लिहा, त्याईचा कापूस उजेड मांगून राहिला. असे लिहून बाबांना पेचात धरायचे नाही, असे मी त्यांना बजावले, आणि लिहिलेच. एक रोप सोबत पाठवते.

तुमची वेडी तारा

अमरावती, २ ऑगस्ट १९५८

चि. तारा हीस आशीर्वाद.

रोप पोचले. उजेडासाठी बिचारे वीतभर लांबले आहे. दोन दिवस ते समोर ठेवून बसलो होतो.

सोमवारच्या मोटारीने येतो. खिडकी पाडायला भिंतीवर पहिली सब्बल मी मारणार. चौकट सागवानीच हवी, नासिरला सांग.

मोरोपंत

अकोला, २४ ऑक्टोबर १९५८

ती. दादास, तारेचा नमस्कार. वि. वि.

सोनूच्या गोवरामुळे तुम्ही कोणी आला नाहीत आणि दसऱ्याला चित्रशाळेच्या उद्घाटनाची मोठी मौज चुकवलीत. समई मांडली, पाहुणे जमले, आणि काडी कोणाकडेच नाही! नत्थुजींनी सवयीने फाटकावर सगळ्यांच्या आगपेट्या काढून घेतल्या होत्या. मी मागायला गेले तर ते म्हणाले की आत इस्तो न्यायचा नाई, काडीबी नाई, हा मालकाचा हुकूम हाये, मालकानं सांगावं, मंग देतो.

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. ते स्वतः फाटकापर्यंत गेले, हात पुढे केला आणि म्हणाले की हुकूम मागे घेतला.

पहिल्या दोन काड्या त्यांच्या हातातच विझल्या. तिसरीला नत्थुजींनी आपल्या त्या भाजलेल्या हातांचा आडोसा धरला. वात पेटली, पण खिडकीतून इतका उजेड येत होता की ज्योत कोणाला दिसेचना. माझ्या चित्रशाळेतल्या छोट्या शहाजादीने विचारले की आजोबा, दिवा लागला का हो? बाबांनी बोट जवळ नेले, चटका बसला, आणि लहान मुलासारखे हसत म्हणाले की लागला, लागला!

सोनूला पापा. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तारा