गवतापुरता पंजा

९ फेब्रुवारी १९८६, रविवार

खोटं बोलताना ह्यांचा आवाज मऊ होतो. आज झाला.

"वैजू, हलका पंजाच बरा." — वैजू! एरवी नुसतं "अगं". वैजू फक्त काहीतरी लपवायचं असलं की. हे म्हणजे धर्मराज. वहीत नवऱ्याचं नाव लिहिल्याने त्याचं आयुष्य कमी होत नाही, आणि झालंच तर आज माझी हरकत नाही.

पेंढा आणि गवत ट्रकात भरायला माणूस मिळत नाही. आमच्या उलव्यातली सगळी तरणी पोरं न्हाव्याला बंदराच्या कामावर. म्हणून गेल्या वर्षी घेतलेल्या छोट्या ट्रॅक्टरला पुढे लोखंडी पंजा बसवायचं चाललंय. ह्यांच्या लहानपणच्या दोस्ताने, फजलने, तो कुवेतला कामाला असताना पाहिला. जबड्यासारखा उघडतो, ढीग चावतो, उचलून ट्रकात टाकतो. चित्रांचं पुस्तकच घेऊन आला तिकडून. त्याचं तुर्भ्याला वेल्डिंगचं दुकान आहे, तो करून देणार.

पंजे दोन तऱ्हेचे. हलक्याची बोटं बारीक — गवत, काटक्या, झुडपं. भारीची जाड — तो दगडही उचलतो. मला भारी हवा. आमची शेती खाडीच्या काठाला, बांध आहे म्हणून भात आहे. गेल्या पावसात बांधाला खांड पडली आणि खारं पाणी खालच्या खाचरात शिरलं. तिथे अजून साधं हरळीचं पातं नाही. उन्हाळ्यात घरटी एक माणूस बांधावर जातो आणि दगड-चिखल रचतो, पण आता माणसं कुठे आहेत? मग दगड यंत्राने का उचलू नयेत? एवढं साधं माझ्या डोक्यात येतं आणि ह्यांच्या येत नाही? येतं. नक्की येतं.

१० फेब्रुवारी

सकाळी फजल आणि हे विहिरीपाशी बोलत होते. मी कळशी घेऊन गेले तर दोघंही गप्प. मग फजल म्हणतो, "वहिनी, पानी गोड हाय तुमचं." लहानपणापासून हेच पाणी पितोय मेला.

१६ फेब्रुवारी, रविवार

तुर्भ्याला जाऊन आले. हे नको-नको म्हणत होते, म्हणून मुद्दाम ह्यांच्याबरोबर गेले.

फजलने आधी मला स्टूल दिलं, मग ऐकवलं. "वहिनी, ट्रॅक्टर लहान हाय. भारी पंजा लावला तर पंजाच उचलन्यात त्याचा जीव जाईल. वरून दगड धरलात तर मागची चाकं अधांतरी." खरं असेल. मी म्हटलं, मग मागे दगडांनी भरलेली पेटी बांध. वजनाला वजन. त्याने डोकं खाजवलं. "होईल की." आणि ह्यांच्याकडे पाहिलं.

"नको," हे म्हणाले.

मी म्हटलं, बरं, पंजा हलकाच कर, पण बोटं जाड पट्टीची लाव. लहान दगड तरी धरेल. "तेपन होईल," फजल म्हणाला. पुन्हा ह्यांच्याकडे पाहिलं.

"गवतापुरता कर म्हनतो ना!" हे ओरडले. दुकानातली माणसं वळून बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले आणि ह्यांनी शेंगदाण्याची पुडी पुढे केली. घेतली नाही.

मला वाटत होतं की फजलच ह्यांना हलका गळ्यात मारतोय, भंगारातले पाइप खपवायला. पण तसं असतं तर माझ्या प्रत्येक गोष्टीला "होईल" कशाला म्हणाला असता? म्हणजे चोर दुकानात नाही. चोर माझ्या शेजारी बसून शेंगदाणे खात होता.

२३ फेब्रुवारी

आबांनी आजपासून सुरुवात केली. "बाय, फली कवा काढनार?"

आबा म्हणजे सासरे, गोटीराम. दिसत जवळजवळ नाही, पण भरती-ओहोटी बसल्या जागी सांगतात. बांधाला पाणी सोडायचं दार आहे, त्याला उघाडी म्हणतात. तिची फळी आमच्या घराण्याकडे. अख्खं सागवान, आबांच्या वडिलांनी बसवलेलं. दर उन्हाळ्यात मागे तात्पुरता मातीचा आडवा बांध घालायचा, चार माणसांनी फळी उपसायची, घरी आणून करंजाचं तेल पाजायचं आणि हळदकुंकू लावून परत बसवायची. तेल आबा स्वतः लावतात, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत.

"शिमगा झाला की काढू," मी सांगितलं. हे तिथेच होते. उठून गोठ्यात गेले. गोठ्यात आता काय आहे? एक मोडकी सायकल.

४ मार्च

पांढरा शर्ट. डोक्याला माझं वासाचं तेल. "बेलापूरला जाऊन येतो."

गेल्या महिन्यातही दोनदा गेले होते. कशाला, विचारलं तर "काम हाय". ट्रॅक्टरवर बसताना फाटका गंजीफ्रॉक, आणि कामाला पांढरा शर्ट!

७ मार्च

मीना आली होती करावेहून — माझी नणंद, बातम्यांची टोपली. टोपलीतून बोंबील आणि बातमी दोन्ही काढलं. दादा बेलापूरच्या स्टँडवर दिसला म्हणे, एका बाईशी बोलत होता. बाईला पर्स. चष्मा. मीना म्हणाली, "असल कोनतरी, वयनी. मी आपली सांगितली." आपली सांगितली! बोंबील तसेच राहिले, जेवण गेलं नाही मला.

९ मार्च, रविवार

विचारलंच. आबा बाहेर गेल्यावर सरळ विचारलं. पर्सवाली कोण?

आधी कळेचना त्यांना. मग हसायला लागले. कित्येक दिवसांत असे हसले नव्हते. डोळ्यांतून पाणी आलं, खांबाला धरून हसले. "अगं ती हापिसातली बाई हाय! तिला नातवंडं हायेत!"

कसलं ऑफिस? विचारल्याबरोबर हसणं थांबलं. "ट्रॅक्टरच्या कागदांचं."

आवाज मऊ.

बाई नाही हे खरं असावं. बरं वाटलं, का लपवू? रात्रीच्या भाकऱ्याही चांगल्या फुगल्या. पण मग आहे काय? माणूस बाई लपवत नाही, पैसे लपवत नाही — पाकीट मी रोज बघते — मग ह्याच्या पोटात आहे तरी काय?

२७ मार्च

पंजा आला. लाल रंग. हलकाच.

खोटं कशाला लिहू, बघत राहिले. हळूच खाली गेला, तोंड उघडलं, गवताचा अर्धा ढीग उचलला आणि ट्रकात ठेवला — टाकला नाही, ठेवला. पोरं ओरडत होती. आबांना आवाजावरून कळलं. "उचलला का?" म्हणत टाळ्या वाजवल्या त्यांनी. हे सीटवरून माझ्याकडेच बघत होते, मी काय म्हणते म्हणून.

मी म्हटलं, आता तो दगड उचला.

"नाय उचलनार तो."

उचला तर. शेजारच्या घरचा पंढरी म्हणाला, "जाऊ दे ना वहिनी." त्याचा काय संबंध? ह्यांनी पंजा दगडाला लावला. एक बोट वाकलं. झालं! मला वाटलं आता चिडतील, घालून पाडून बोलतील. काही नाही. हातोडा आणला आणि मांडी घालून बोट ठोकत बसले. एवढा गरीबपणा ह्या माणसात कधीच नव्हता. मला त्याचीच धास्ती वाटते आहे.

१० एप्रिल, पाडवा

गुढी. श्रीखंड विकतचं, वाशीहून.

पाडव्याला देवळात बसून गाव बांधाचा दिवस ठरवतं. बसले. ह्यांना यायला उशीर झाला. काय ठरलं? "बघू." कधी? "बघू म्हनलं ना, वैजू."

आबा तिथूनच, "फली?"

१४ एप्रिल

बघू, बघू, बघू.

२० एप्रिल, रविवार

मीच निघाले. बांधाला घरटी माणूस सांगायला आजवर गावात बाई फिरली नाही. फिरले. शिव्या देतील तर देऊ देत.

शिव्या नाही दिल्या. चहा दिला. हेच वाईट. ज्या पंढरीच्या बायकोशी माझं पाण्यावरून बोलणं बंद आहे, तिने पाट दिला बसायला. बांधाचं काढलं की सगळे एकच — "धर्मराजला विचार." माझ्याकडे कोणी सरळ बघेना. पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढे तेच.

ट्रॅक्टर घेतला म्हणून जळतात. आम्हाला एकटं पाडायचा बेत दिसतो. दोन वर्षांपूर्वी सरकारच्या नव्या शहराला जमिनी द्यायच्या नाहीत म्हणून मोर्चा निघाला, तेव्हा हेच लोक माझ्या मागून चालत होते. बायकांच्या पुढे मी होते, घसा बसेपर्यंत ओरडले होते. आजूबाजूच्या गावांनी दिल्या तर दिल्या, आमचं गाव जमीन देणार नाही. तेव्हा माझ्या मागे चालायला लाज वाटली नाही, आता एक माणूस बांधावर द्यायला जीव जातो!

घरी येऊन ह्यांना सांगितलं. मला वाटलं, रागावतील, कोणाला विचारून गेलीस म्हणतील. पाणी आणून दिलं मला. स्वतः उठून, तांब्या-भांडं.

२७ एप्रिल

फजल पंजाचं वाकडं बोट बदलायला आला. हे घरी नव्हते. बरं सापडला! चहा दिला, खारी दिली, मग विचारलं.

"वहिनी, चहा पाजून नका विचारू. मी जबान दिलीये."

कोणाला?

"ज्याला दिली त्याला."

पण पाप आहे का काही त्यात, एवढं तर सांग. त्याने कप खाली ठेवला. "पाप नाय. मी त्याला सुरुवातीलाच बोललो, वहिनीला सांग. आता अजून काय सांगू?" चपला घालताना पुन्हा वळला. "मोर्चात तुमी पुढं होता ना, वहिनी?"

होते. मग? पंजाचा आणि मोर्चाचा काय संबंध! अर्धा चहा टाकून गेला.

४ मे, रविवार

घमेलं घेऊन एकटीच बांधावर गेले. खांड पडली होती तिथे दगड रचले. हात सोलले. ऊन मरणाचं, आणि दगड काही संपत नाहीत.

हे दुसऱ्या टोकाला येऊन उभे राहिले. घरी चल म्हणाले नाहीत, मदतीलाही आले नाहीत. एकदा वाकून दगड उचलला. हातात धरून उभे राहिले आणि परत जागेवर ठेवला, जिथून उचलला तिथेच.

मला भीती वाटते आहे. कशाची ते कळत नाही.

११ मे, रविवार

आज पंजाने उघाडीची फळी उपसली. चार माणसांचं काम. गवत उचलतो तशी उचलली.

मी घरून धावत गेले. मागे मातीचा आडवा बांध घातलाच नव्हता. अहो, पाणी शिरेल! ह्यांनी इंजिन बंद केलं.

"शिरू दे. जमीन दिली, वैजू. शिमग्याच्या आधीच बेलापूरच्या हापिसात सह्या केल्या. सगळ्या गावानं. आता भराव पडंल. सागवान मातीखाली जाईल म्हनून काढली."

आणि पंजा?

"पुढं हेच काम हाय. प्लॉटवरचं गवत काढायचं, झुडपं काढायची. दगड कुठला आता आपल्याला."

मला का नाही सांगितलं? फक्त मलाच?

"तू मोर्चात पुढं व्हतीस. कुठल्या तोंडानं सांगू?"

फळी ओसरीवर आणून टाकली. आबा सरकत आले. कडेने हात फिरवला, चीर चाचपली, बोटाचा वास घेतला. त्यांना कोणीच सांगितलेलं नाही. "उशीर केलाव यंदा," म्हणाले. "बाय, तेल आन. परवा बसवू."

हे दारात उभे होते, माझ्याकडे बघत.

मी करंजाचं तेल आणलं. आबांच्या ओंजळीत ओतलं. "हो आबा," मी म्हणाले, "परवा बसवू."

माझा आवाज मऊ झाला होता.