कमळाखालचा चिखल

३ जून

नवे संचालक म्हणतात, बोधचिन्हातला चिखल काढायचा! चक्र राहू दे, कमळ राहू दे, खालची तपकिरी रेघ तेवढी नको. का, तर नर्सिंगच्या कॉलेजला घाण शोभत नाही.

शोभत नाही म्हणे! बुद्धांची शिकवण त्या रेघेतच तर आहे — दुःख आहे, ते आधी डोळे उघडून बघा, मग वर या. वॉर्डात आम्ही दिवसभर दुसरं काय करतो?

५ जून

पहिल्या वर्षाच्या मुलींना बोधचिन्हाचा बिल्ला समजावून सांगितला. चक्राच्या आठ आऱ्या म्हणजे अष्टांगिक मार्ग, कमळाखालची रेघ म्हणजे चिखल, वगैरे. अर्ध्या जणी जांभया देत होत्या. एक तर सरळ खिडकीबाहेर बघत होती. पालथ्या घड्यावर पाणी!

मला बिल्ला मिळाला तो दिवस आठवला. इथली रीतच तशी — पहिली ड्यूटी संपली की ॲप्रन न बदलता, बिल्ला तळहातावर घेऊन शिकवणाऱ्या बाईंपुढे उभं राहायचं. माझ्या ॲप्रनवर एका आजोबांची उलटी होती. बाईंनी नाक न मुरडता बिल्ला टाचला. यंदा मात्र हुकूम आहे, ॲप्रन इस्त्रीचे हवेत. फोटो काढायचेत.

९ जून

सभा झाली. रेघ काढायला सगळ्यांनी संमतीच्या सह्या केल्या. मी केली नाही. संचालक हसत म्हणाले, सम्यक वाचा पाळा, जरा गोड बोला.

"सम्यक वाचा म्हणजे खरं बोलणं, सर. गोड नव्हे."



१० जून

हे म्हणाले, एका रेघेपायी नोकरी घालवशील. घालवीन! — रात्री पासबुक काढून बघितलं, ते मात्र यांना सांगितलं नाही.

१२ जून

मुलींना बिल्ले लावायचा माझा दरवर्षीचा मान गेला. यंदा संचालक स्वतः लावणार. पुढच्या सत्रात मी असेन का, तर म्हणे "बघू". नवे बिल्ले मुलींना वाटूनही झाले. पांढरेशुभ्र, कमळ हवेत लटकलेलं. सही करणार नाही म्हणजे नाही.

१४ जून

मुलींची पहिली ड्यूटी संपली. बिल्ल्यांच्या समारंभात मी मागच्या रांगेत बसले होते. पहिली पुढे आली ती खिडकीबाहेर बघणारी. इस्त्रीचा ॲप्रन, तळहातावर बिल्ला — आणि कमळाखाली वॉर्डातल्या आयोडीनचा तपकिरी फराटा! तिच्यामागच्या सगळ्यांच्याच बिल्ल्यांवर तो होता.

संचालक रुमालाने पुसू लागले. बोटं तपकिरी झाली. मुलीने शांतपणे बिल्ला परत घेतला, मागच्या रांगेकडे चालत आली आणि तळहात माझ्यापुढे धरला.